महिलांचे फुटबॉल रोखू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

महिलांनी फुटबॉल खेळू नये असे आपले प्रामाणिक मत असेल, तर ते कोठेही बोलून दाखवू नये, ही पहिली सूचना. ते दिवस आता गेले. आपण महिलांच्या फुटबॉलचे हितचिंतकच आहोत, फक्त 'अजून तेवढी वेळ आलेली नाही' इतकेच आपले म्हणणे आहे, अशी भूमिका ठेवावी. आणि ती वेळ येऊच नये याची तजवीज कशी करावी, याचे उत्तम वस्तुपाठ आपल्या पूर्वसूरींनी घालून दिलेले आहेत. त्यांचा अभ्यास न करता जे उतावळे लोक सामना चालू असतानाच 'आधी स्वयंपाक शिका' असे लिहून मोकळे होतात, ते आपल्या कार्याची हानीच करतात.

आद्य गुरू म्हणून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे स्मरण करावे. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया कामाला लागल्या आणि मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन येथील कारखान्याच्या 'डिक, कर लेडीज' या संघाने मदतनिधीसाठी सामने सुरू केले आणि १९२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा खेळ पाहायला ५३,००० माणसे लोटली. हजारोंना जागेअभावी बाहेरच राहावे लागले. एखाद्या कच्च्या प्रशासकाने अशा वेळी मोठे मैदान शोधले असते. असोसिएशनने मात्र वर्ष उलटण्याच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, ठराव केला की हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नसून त्यास उत्तेजन देता कामा नये, आणि संलग्न क्लबांनी आपली मैदाने त्यांच्या सामन्यांसाठी देऊ नयेत. जमा झालेल्या पैशांच्या विनियोगाबद्दलही ठरावात काळजी व्यक्त करण्यात आली होती, हे विशेष. युद्धकाळात दिवसभर तोफगोळ्यांच्या कामाला जुंपलेली स्त्री कोणाला नाजूक वाटली नव्हती. तिने चेंडूला लाथ मारताच तिच्या प्रकृतीविषयी डॉक्टरांची मते उपलब्ध झाली.

या ठरावातील कारागिरी नीट पाहावी. कायदा नाही, पोलीस नाहीत, खेळणाऱ्या कोणाला अटकही नाही. काढून घेतले ते फक्त मैदान. चांगले मैदान नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून प्रशिक्षक नाहीत, आणि सुमारे पन्नास वर्षे हे चक्र फिरू दिल्यावर अत्यंत निरागस चेहऱ्याने विचारायचे की, 'अहो, पण महिलांचे सामने पाहायला येतंय कोण?' पुढे २००८ मध्ये असोसिएशनने या बंदीबद्दल माफी मागितली. माफी मागायला हरकत नाही, फक्त ती ज्यांची मागायची त्यांच्यापैकी बहुतेक जणी हयात नसतील इतका उशीर करावा. त्या संघाची तडाखेबंद डावखुरी खेळाडू लिली पार १९७८ मध्येच वारली होती. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा बसला. पुतळे अवश्य बसवावेत. ते मानधन मागत नाहीत.

ब्राझीलने १९४१ मध्ये सरकारी फर्मान काढून स्त्रीप्रकृतीशी विसंगत अशा खेळांवरच बंदी घातली आणि ती १९७९ पर्यंत टिकवली. थोडी आणखी टिकवायला हवी होती. बंदी उठल्यानंतर काही वर्षांतच मार्ता ही खेळाडू जन्माला आली आणि विश्वचषकात १७ गोल करून बसली. २०२३ पर्यंतच्या विश्वचषकांत इतके गोल कोणा पुरुषालाही करता आले नव्हते.

पश्चिम जर्मनीचा धडा अधिक सूक्ष्म आहे. तेथील महासंघाने १९५५ मध्ये घातलेली बंदी १९७० मध्ये उठवली, पण उठवताना सामन्याचा वेळ कमी केला, चेंडू लहान केला, थंडीत लांबलचक सुट्टी सक्तीची केली आणि बुटांचे खिळेही काढून घेतले. म्हणजे परवानगी दिल्याचे श्रेय मिळाले आणि खेळणाऱ्या मुली ओल्या गवतावर घसरत राहिल्या. तरीही त्या पुढे गेल्याच. १९८९ मध्ये ऑस्नाब्रुक येथे, भरलेल्या स्टेडियमसमोर, त्यांनी नॉर्वेला ४-१ असे हरवून युरोपीय विजेतेपद मिळवले, तेव्हा महासंघाने प्रत्येकीला बक्षीस म्हणून कॉफीचा सेट दिला. चिनीमातीचा, फुलाफुलांचा, कपबशांसह. तोंडाला पाने पुसण्याची परंपरा पुष्कळ ठिकाणी आहे, परंतु ती इतक्या नाजूक नक्षीकामासह क्वचितच पाळली गेली असेल. विजेत्यांना पैसे न देता त्यांचे घरातले स्थानही सुचवणारे बक्षीस शोधून काढणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे.

सामन्याची मिनिटे कापण्याचा हा उपाय १९९१ मध्ये चीनमधील पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेतही योजण्यात आला. सामने ८० मिनिटांचे ठेवले आणि 'विश्वचषक' हे मौल्यवान नावही सुरुवातीला हातचे राखले. अमेरिकेची कर्णधार एप्रिल हाइनरिक्स हिने यावर जी टिप्पणी केली, तिचा आशय असा की, नव्वद मिनिटे खेळलो तर आमची बीजाशये गळून पडतील अशी यांना धास्ती असावी. खेळाडूंना विनोदबुद्धी असू नये, यासाठी मात्र अद्याप नियम करता आलेला नाही.

नाचता येईना अंगण वाकडे, असे त्या उद्या म्हणतील अशी शंका आल्यास अंगण खरोखरच वाकडे करून ठेवावे. २०१५ मध्ये कॅनडातील महिला विश्वचषक संपूर्णपणे कृत्रिम गवतावर खेळवला गेला, जे पुरुषांच्या विश्वचषकात तोवर कधी घडले नव्हते. त्यावर घसरल्याने सोललेल्या गुडघ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. ती पाहून 'खेळात दुखापती व्हायच्याच' असे म्हणावे.

खपाचा मुद्दा हा आपला हुकमी एक्का होय, म्हणून तो जपून वापरावा. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडची गोलरक्षक मेरी इअर्प्स हिची जर्सी नायकी कंपनीने चाहत्यांसाठी विक्रीलाच आणली नव्हती. माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक नाही म्हणायचे, ही युक्ती निर्दोष होती. पण लाखाहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या, इअर्प्सने अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली, स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान पटकावला, आणि नंतर आणलेल्या मोजक्या जर्सी बघता बघता संपल्या. त्याआधी २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या महिलांचा सामना पाहायला काम्प नोऊ या स्टेडियमवर एकदा ९१,५५३ आणि महिनाभराच्या आत पुन्हा ९१,६४८ प्रेक्षक आले होते. असे आकडे कोणी पुढे केल्यास 'ते अपवाद आहेत' असे म्हणावे. अपवाद तिसऱ्यांदा घडल्यास विषय बदलावा.

पैशांविषयी बोलताना तर फारच सावध राहावे, आणि जे काही मनात असेल ते निदान न्यायालयाच्या कागदावर उतरवू नये. समान वेतनासाठी खेळाडूंनी केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या महासंघाने २०२० मध्ये असे लिहून दिले की पुरुषांच्या संघाचे काम अधिक कौशल्याचे आणि अधिक जबाबदारीचे आहे. चार वेळा जगज्जेत्या ठरलेल्या संघाविषयी, एकदाही न ठरलेल्या संघाच्या तुलनेत हे लिहिणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होते. अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि २०२२ मध्ये २.४ कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली.

विजय रोखता आलाच नाही, तर विजयमंचावर आपण कसे वागावे हेही ठरवून ठेवलेले बरे. ऑगस्ट २०२३ मध्ये सिडनीत स्पेनने विश्वचषक जिंकला, तेव्हा महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी जेनी एर्मोसो या खेळाडूचे तिच्या संमतीविना चुंबन घेतले. त्यामुळे ओल्गा कारमोनाचा विजयी गोल बातम्यांतून मागे पडला, ही जमेची बाजू. पण पद गेले, तीन वर्षांची बंदी आली आणि २०२५ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवून दंडही केला. एवढी किंमत आपल्यापैकी किती जणांना परवडेल?

स्पेनच्या त्या विजयाच्या दोनच दिवस आधी, त्याच सिडनीत, फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्तिनो यांनी दाखवलेला मार्ग कितीतरी सुरक्षित आहे. आपल्याला चार मुली आहेत असे सांगून त्यांनी महिलांना उपदेश केला की, योग्य लढाया निवडा, आम्हा पुरुषांना काय करायचे ते पटवून द्या, दारे उघडीच आहेत, फक्त ढकला. दाराच्या आत बसलेल्या माणसाने बाहेरच्यांना ढकलण्याचे तंत्र शिकवावे, यापेक्षा मोठे औदार्य कोणते? यावर नॉर्वेची खेळाडू आडा हेगरबर्ग हिने लगेच लिहिले की, पुरुषांना पटवून देण्यासाठी मी एक छोटेसे सादरीकरण तयार करते आहे, कोण कोण येणार? अशी विचारणा आपल्याकडे आल्यास मुळीच रागावू नये. सादरीकरणाचे स्वागत करावे, ते दहा मिनिटांत आटोपण्याची विनंती करावी, शेवटी उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, आणि निर्णयाविषयी कोणी प्रश्न विचारलाच तर आपल्याही घरी मुली आहेत, असे सांगावे.