2014 ची बारोलो न चाखता ओतून देणाऱ्यांबद्दल

आज डोकं तापलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

संध्याकाळी इथे इटलीत, तोरिनोमध्ये, बारोलो या रेड वाईनचं टेस्टिंग होतं. एकाच घरची वाईन, 2013 पासून 2018 पर्यंतच्या काढणीची सहा वर्षं ओळीने मांडलेली. टेकड्या त्याच, वेली त्याच, बनवणारे हातही तेच. बदललं ते फक्त आभाळ. यासाठी मी आठवडाभर वाट बघत होतो. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ. 2014 चा ग्लास पुढ्यात आला तसा त्यांनी फोन काढला, त्या वर्षाला किती गुण दिलेत ते बघितलं, आणि ग्लास नाकाशीसुद्धा न नेता थुंकायच्या भांड्यात रिकामा केला. वर मला म्हणाले, "खराब वर्ष, जागा राखून ठेवा."

मी काही बोललो नाही. टेबलावर सगळे अनोळखी होते. इथे बोलतो.

बारोलो ज्याची होते ते नेब्बिओलो हे द्राक्षच असं आहे की वर्ष लपवूच देत नाही. वसंतात लवकर फुटतं आणि पिकतं सगळ्यात शेवटी, साधारण ऑक्टोबरात. म्हणजे वेलीवर इतका काळ लटकून राहतं की प्रत्येक पाऊस, प्रत्येक उष्म्याची लाट त्याच्या अंगावरून जाते. बारोलोत दुसरं द्राक्ष मिसळायला कायद्याने परवानगी नाही. शंभर टक्के नेब्बिओलो. रंग कमी पडला, साखर कमी पडली, तर झाकायला काही नाही. वर किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडात, मगच विकायची. एका वर्षाच्या हवामानाला इतका जपून ठेवणारा दुसरा पदार्थ मला तरी माहीत नाही. आणि हा माणूस ते आकडा बघून फेकून देतो!

गेल्या नोव्हेंबरात, काढणी उरकल्यावर, मी बारोलोच्या भागातल्या सेर्रालुंगा गावी एका म्हाताऱ्या बागायतदाराकडे गेलो होतो. तिथल्या लांगेच्या टेकड्यांत तेव्हा दुपारीसुद्धा धुकं असतं. त्यांनी चार बाटल्या काढल्या आणि सगळ्यात आधी उघडली ती 2014. मी विचारलं, हीच का आधी? ते म्हणाले, "त्या वर्षी मी सर्वांत जास्त काम केलंय."

2014 चा उन्हाळा इथे झालाच नाही असं म्हणतात. जुलैभर पाऊस, थंडी, जागोजागी गारा. गारेचा मार बसलेला मणी कुजतो आणि शेजारच्यालाही कुजवतो. डाऊनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, तर पानापानावर. ते म्हातारे बागायतदार आणि त्यांची बायको वेल न वेल फिरले, फुटलेले घड कात्रीने काढून टाकत गेले. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात ऊन पडलं आणि राहिलेलं पिकलं. निम्मी वाईन झाली. आणि त्यांच्या सर्वांत चांगल्या बागेची जी वेगळी बाटली निघते ती त्यांनी त्या वर्षी भरलीच नाही, ती द्राक्षंही साध्या बारोलोत घातली. असं त्या वर्षी इतरही अनेकांनी केलं. म्हणजे साध्या किमतीच्या बाटलीत उत्तम बागेचा माल. हे कुठल्या आकड्यात दिसणार?

मला हे जास्त लागतं त्याचं कारण माझ्या जवळच्यांना माहीत आहे. मी निफाडचा. मार्च 2014 मध्ये आपल्याकडे जी गारपीट झाली, तेव्हा आमच्या बागेत काढणीला आलेले घड चिखलात पडले होते. वडील दोन दिवस बागेकडे गेलेच नाहीत. त्याच वर्षी, चार महिन्यांनी, इथे सेर्रालुंगात कुणीतरी तशाच बागेत उभा होता आणि कात्री चालवत होता. ती वाईन कुणी "खराब वर्ष" म्हणून ओतली की माझ्या पोटात ढवळतं.

असो. चवीबद्दल लिहायला बसलो होतो.

आजची 2014 रंगाने सगळ्यांत फिकट, कडेला विटकरी छटा आलेली. पण वास! वाळलेला गुलाब, थोडं ओलं पान, आणि मागे बारोलोत असतो तसा डांबराचा हलका वास. तोंडात ती भरत नाही, सरकते. तुरटपणा आहे पण बारीक, हिरड्यांना न ओरबाडणारा. शेवट जरा आखूड, हे मान्य. त्यानंतर 2015 घेतली तर ती एकदम गोल, पिकलेल्या चेरीची, उन्हाची. कुणालाही आवडेल. मला दुसऱ्या घोटानंतर तिच्यात शोधायला फार काही उरलं नाही. 2013 उशिरा पिकलेली, ताठ, अजूनही थोडी अबोल. 2017 मध्ये पाऊसच नव्हता, काढणी सप्टेंबरातच सुरू झाली. दारू जास्त, तुरटपणा कोरडा, जीभ टाळूला चिकटते. 2018 चा वसंत ओला गेला होता, त्यामुळे वाईन हलकी, मोकळी, आत्ताच प्यावी अशी.

आणि 2016. तिच्याबद्दल कोण काय बोलणार! लांब, संथ ऋतू, सप्टेंबरात दिवसा ऊन आणि रात्री गारवा, ऑक्टोबरात निवांत काढणी. आंबटपणा, तुरटपणा, फळ, सगळं आहे आणि काहीच पुढे येऊन उभं राहत नाही. घोट गिळल्यावर कितीतरी वेळ ती तोंडात बोलत राहते. थोर वाईन आहे, शंकाच नाही. पण 2016 किती थोर आहे हे मला 2014 शेजारी होती म्हणून कळलं. नुसती थोर वर्षं पिणाऱ्याला ते कशाच्या तुलनेत कळतं?

त्या म्हाताऱ्यांनी मला हेच दाखवलं होतं. 2014 ओतली, तासभर गप्पा मारल्या, मग 2016 ओतली, आणि परत 2014 चा ग्लास माझ्या हातात दिला. तासाभरात ती उलगडली होती. काहीही समजावून सांगितलं नाही. फक्त माझ्या तोंडाकडे बघत होते.

हो, काही वर्षं खरंच वाईट असतात. 2002 मध्ये इतका पाऊस आणि गारा झाल्या की अनेक चांगल्या घरांनी बारोलो भरलीच नाही, आणि बरोबर केलं. आणि ज्याला वर्षातून एकच बाटली परवडते त्याने 2016 घेतली तर मी त्याला काही म्हणणार नाही.

पण आजच्या गृहस्थांना ग्लास फुकट मिळाला होता हो! पुढ्यात होता! घोटभर घ्यायला काय जात होतं? राग आकड्याचा नाही, आकडा देणाराही निदान चाखून देतो. राग याचा आहे की पंधरा सेकंदही एखाद्याच्या वर्षभराच्या कष्टाला द्यायचे नाहीत. आपल्याकडे व्यापारी बागेच्या बांधावरूनच "माल डागी आहे" म्हणून भाव पाडतो, घड हातात न घेता. लहानपणापासून बघितलंय ते. इथे, सुटाबुटात, मेणबत्त्यांच्या उजेडात, तेच.

लिहिता लिहिता जरा शांत झालोय.

डिसेंबरात पुण्याहून येणारी मंडळी हे वाचत असतील, म्हणून सांगून ठेवतो. मी चार वर्षं काढून ठेवतोय: आधी 2014, मग 2018, मग 2015, शेवटी 2016, म्हणजे अंगाने हलकीकडून भारीकडे जाता येईल. 2014 आणि 2018 जेवायच्या तासभर आधी उघडेन, 2016 सकाळीच. विकत घ्यायची असेल तर 2014 आता पिऊन टाका, ठेवू नका. 2016 कपाटात विसरून जा, तिला अजून वेळ आहे. जेवायला तायारिन आहे, इथल्या अंड्याच्या बारीक शेवया, आणि रेड वाईनमध्ये शिजवलेलं बीफ. बीफ न खाणाऱ्यांनी आधी कळवा, तायारिन लोणी आणि चीज घालून जास्त करेन.