रंगवलेली फौज आणि दिवाळीचा किल्ला

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत झाला, त्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. कुणाच्या भाच्याने रमीच्या अॅपवर पगार उडवला होता, कुणाच्या शेजारच्या घरात त्यापायी कर्ज झालं होतं. बंदी हवीच होती, याबद्दल माझंही दुमत नाही. पण बोलता बोलता चर्चा जुगारावरून एकंदर खेळण्यावरच घसरली. मोठ्या माणसाने खेळण्यात वेळ घालवावा का, मुलांना खेळून मिळतं काय, असं सुरू झालं. त्याच कायद्यात पैसे न लावता खेळायच्या ऑनलाइन खेळांना उत्तेजन द्यायची तरतूद आहे, तिच्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे दिवाळी आली आणि त्याच ग्रुपवर उलटा सूर लागला. हल्लीची मुलं किल्ला करत नाहीत, तयार किल्ला विकत आणतात. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि आपल्याच अंगणात किल्ला नाही, वगैरे.

त्या गप्पांत मी माझ्या टेबलावरचा एक फोटो टाकला. हिरव्या कातडीचा, सुळे बाहेर आलेला, कुऱ्हाड उगारलेला ऑर्क, म्हणजे फौजांच्या एका खेळातला कल्पित राक्षसी शिपाई. उंची जेमतेम सव्वा इंच. एका वर्गमित्राने लिहिलं, "पन्नाशी आली, आता बाहुल्या रंगवतेस होय?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर दोन ओळींत मावेना, म्हणून इथे सविस्तर देते. माझ्या मते हा प्रश्न आणि ते दोन्ही वाद एकाच ठिकाणाहून आलेत.

मी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहते. लेस, सायकली आणि सिगारेट यांच्या कारखान्यांसाठी हे शहर एके काळी ओळखलं जायचं. रालेचा सायकल कारखाना २००२ मध्ये बंद झाला, प्लेअर्सचा शेवटचा सिगारेट कारखाना २०१६ मध्ये. जिथे ही कारखानदारी होती त्या लेंटन भागात आज गेम्स वर्कशॉपचं, म्हणजे माझा ऑर्क जिथला त्या कंपनीचं मुख्यालय आहे. ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली, तेव्हा ते बॅकगॅमन, मंकाला असल्या खेळांचे लाकडी पट बनवून विकत. १९७९ मध्ये जवळच्या नेवार्कला धातूचे शिपाई ओतणारी तिची सोबतीण कंपनी निघाली, १९८३ मध्ये टेबलावर असल्या शिपायांच्या फौजा लढवायचा 'वॉरहॅमर' हा खेळ आला आणि हळूहळू सगळा कारभार इकडे हलला. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरात जाऊन बसली. २०२४-२५ ची तिची उलाढाल ६० कोटी पौंडांच्या वर होती. शिपाई आजही इथेच, नॉटिंगहॅमच्या कारखान्यांत साच्यातून निघतात. तिच्यातून बाहेर पडलेल्या लोकांनी आसपास लहान कंपन्या काढल्या, वॉरलॉर्ड, मँटिक वगैरे. शिपाई पूर्वी शिशाचे असत म्हणून या टापूला 'लेड बेल्ट' असंच नाव पडलंय.

हे आकडे मी मित्राचं तोंड बंद करायला देत नाहीये. पैसा मिळतो म्हणून खेळ चांगला, असं म्हटलं तर रमीच्या अॅपवाल्यांचंही बरोबर ठरेल. मला सांगायचंय ते टेबलावरचं.

शिपाई प्लास्टिकच्या चौकटीत सुटे सुटे येतात, हात वेगळा, डोकं वेगळं, ढाल वेगळी. ते कटरने तोडायचे. साच्याची बारीक रेघ अंगावर राहिलेली असते, ती पात्याने खरवडायची, नाहीतर रंग चढल्यावर नेमकी तीच उठून दिसते. मग चिकटवून काळा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला हात मारायचा. त्यावर मूळ रंग, पाण्याने पातळ करून दोन हात. एकच जाड हात दिला तर चेहऱ्यावरचं कोरीवकाम बुजतं. मग वॉश, म्हणजे शाईसारखा पातळ गडद रंग. तो आपला आपण खाचाखोचांत आणि चिलखताच्या सांध्यांत उतरतो, आणि इतका वेळ सपाट दिसणाऱ्या शिपायाला एकदम अंग येतं. मला सगळ्यांत आवडतो तो हा क्षण. त्यानंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासायचा. आणि शेवटी डोळे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी होताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची, मनगटाला मनगट लावायचं, श्वास रोखायचा. आधी एक पांढुरकी आडवी रेघ, मग तिच्यात काळा ठिपका, मग वरून आणि खालून कातडीचा रंग ओढून डोळा बारीक करायचा. ठिपका केसभर सरकला की नजर फिरते, आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर मी हे करते. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो, कारण ओल्या रंगाच्या हाताने तो उचलताच येत नाही. मोबाइल सोडवण्याबद्दल एवढी भाषणं ऐकली. मला तरी याहून सोपा उपाय सापडला नाही.

आता बाहुली म्हटलं की ती कपाटात मांडायची असं वाटतं. हा ऑर्क मात्र शनिवारी लढायला जातो. आमच्या भागातल्या समाजमंदिरासारख्या एका हॉलमध्ये सहा फूट बाय चार फुटांची टेबलं लागतात, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, पुठ्ठ्याचे पडके बुरूज, तारेची झाडं. इंचाच्या टेपने चाल मोजायची, मूठभर फासे टाकायचे, तीन-तीन तास एक डाव. वॉरहॅमरच्या भविष्यकाळातल्या अवतारात, म्हणजे 'वॉरहॅमर ४०,०००' मध्ये, स्पर्धेच्या डावाला जास्तीत जास्त १०० गुण असतात आणि त्यांतले १० फौज पूर्ण रंगवून आणल्याबद्दल मिळतात. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. रंगवलंस म्हणून तू लढाईत वरचढ, असं इथे खेळच सांगतो. त्यामुळे ज्याला नुसतं जिंकायचंय तोही ब्रश हातात घेतो, आणि ज्याला नुसतं रंगवायचंय त्याला समोर बसायला माणूस मिळतं.

माझ्यासमोर पुष्कळदा एक सत्तरीचे गृहस्थ असतात. तरुणपणी ते सायकलच्या कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा पन्नाशीच्या जवळ आलेले. त्यांची फौज गॉब्लिनांची, म्हणजे ऑर्कांसारख्याच पण बुटक्या कल्पित जिवांची, आणि तिचा सरदार शिशाचा आहे. एकदा तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि आधी बजावलं, खालच्या चकतीला धर, अंगाला नको, घामाने रंग झिजतो. एवढासा जीव, पण वजनाने हात खाली गेला. झग्यावर ठिगळं रंगवलेली होती, प्रत्येक ठिगळाला टाके, आणि चकतीच्या पोटाला बारीक अक्षरांत १९८९. म्हणजे हा सरदार नोकरी होती तेव्हापासूनचा. नोकरी गेली, गुडघा बदलला, बायको वारली, सरदार दर शनिवारी हॉलवर येतोच आहे. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्याशी बरोबरीने हुज्जत घालत असतो, की ही कुऱ्हाड त्या भिंतीमागून दिसते की नाही. दोघंही वाकून, शिपायाच्या डोक्याच्या पातळीला डोळा आणून बघतात. हल्ली सत्तर वर्षांचा आणि तेरा वर्षांचा माणूस आणखी कुठे इतक्या गंभीरपणे एकाच प्रश्नावर वाद घालतात?

इथलं सगळं गोजिरं आहे असं मी म्हणणार नाही. दहा शिपायांची पेटी तीस-पस्तीस पौंडांना, आपले साडेतीन-चार हजार रुपये. आमच्या हॉलमध्ये बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि रंगाने सावळे त्याहून कमी. पहिल्या दिवशी मला लेकीला न्यायला आलेली आई समजून खुर्ची दिली गेली. शिवाय नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, कुणाच्या घरी सहज म्हणून जायची पद्धत नाही, भेटायला कारण लागतं. शनिवारचा हा हॉलमधला क्लब हे ते कारण आहे. आपल्याकडे माणसांना भेटायला अजून तरी कारण लागत नाही, आणि ही श्रीमंती इथून दिसते तशी तिथून दिसत नाही.

आणि मोठी माणसं आपल्याकडे खेळत नाहीत असंही नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गुडघ्यावर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटणारे कोण असतात? चाळीच्या कॅरमवर पावडर टाकून रात्री बारापर्यंत बसतात ते कोण? हातांचंही तेच. अख्ख्या रस्त्यावर गालिच्यासारखी रांगोळी काढणाऱ्या मुली, गणेशोत्सवात हलते देखावे उभे करणारे पुण्याच्या मंडळांचे कार्यकर्ते, पेणचे रंगारी. थर्माकोल कापून तट बांधायला यांतल्या कुणालाही इंग्लंडमधून शिकायची गरज नाही. पण हाताचं कसब आपण देवासाठी आणि सणासाठी राखून ठेवलं, आणि खेळ ठेवला मुलांसाठी, पदकासाठी किंवा पैशासाठी. दोन्ही एका टेबलावर येत नाहीत. म्हणून खेळ म्हटलं की आपल्याला एकतर जुगार आठवतो नाहीतर बालपण, आणि पन्नाशीच्या बाईच्या हातात ब्रश आणि ऑर्क दिसला की हसू येतं.

एके काळी ते एका टेबलावर होते, आमच्या सिंधुदुर्गातच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्य, कूर्म, वराह, सगळे हाताने रंगवलेले, वर लाखेचा लेप. तिघांनी खेळायचं. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करणार, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. काय सुंदर नियम आहे! ही कला मरणपंथाला लागली होती, ती सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुढे होऊन वाचवली, आणि आज राजवाड्यात चितारी पत्ते रंगवताना बघायला मिळतात. त्याबद्दल कुणीही कृतज्ञच राहील. पण वाचली ती चित्रं. पत्ते विकत घेणारा माणूस ते फ्रेममध्ये लावतो, भेट देतो. माझ्या माहितीतल्या घरांतून गंजिफा भिंतीवर आहे, हातात कुठेच नाही. पत्ते पिसून पिसून झिजले तर नवा जोड लागतो, भिंतीवरचा एकच जोड पिढ्यानपिढ्या पुरतो. चितारणाऱ्याचं पोट खेळणाऱ्यावर अवलंबून होतं. गॉब्लिनांच्या सरदाराचा झगा अजून ठिगळं मिरवतो तो खेळला जातोय म्हणून.

सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केलं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी बनावीत हा हेतू योग्यच आहे. तरी शुल्क वाढवून खेळणी बनतील, खेळणारे बनणार नाहीत, आणि आपल्याला कमी पडतायत ते खेळणारे. नॉटिंगहॅमच्या पेट्या आणून रंगवा असं मी कुणाला सांगणार नाही. सामान आपल्याकडे आहे, आणि ते दर दिवाळीला अंगणात मांडलेलंही असतं.

दिवाळीच्या किल्ल्याचं आपण काय करतो? दगड-माती, गोणपाट, वर हळीव पेरायचं, मावळे मांडायचे, महाराज सिंहासनावर. परीक्षक येतात, नंबर काढतात, फोटो होतात. मग तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला नुसता पडून. त्याला कुणी वेढा घालत नाही. मुलांना किल्ल्याचा कंटाळा येतो यात त्यांचा दोष काय? बांधून झाल्यावर त्याच्याकडे बघत बसण्यापलीकडे आपण त्यांना काही करूच देत नाही.

तेव्हा माझी मित्राला विनंती, येत्या दिवाळीला सोसायटीच्या किल्ल्यावर एक डाव लावून बघ. नियम इथे देते, हवे तसे बदल. गडावर दहा मावळे, खाली वेढ्यात वीस. मावळे कुंभाराकडून कोरे आणावेत आणि घरी रंगवावेत. सपाटीवर एका पाळीत एक वीत चाल, चढणीवर अर्धी. वीत खेळणाऱ्यांतल्या सगळ्यांत लहान मुलाची धरायची. बंदूक तीन वितींपर्यंत पोचते. मध्ये बुरूज आला तर दिसत नाही, आणि दिसतं की नाही ते वाकून, मावळ्याच्या डोक्याच्या पातळीवरून बघून ठरवायचं. फाशावर पाच किंवा सहा पडले तर नेम लागला, समोरचा तटाआड असेल तर सहाच हवेत. दरवाजा फोडायला तीन वेळा सहा. स्वतः रंगवलेल्या मावळ्यासाठी डावात एकदा फासा पुन्हा टाकता येईल. पैसे लावायचे नाहीत. दुसऱ्या डावात बाजू बदलायच्या, म्हणजे वेढ्यातून गड कसा दिसतो तेही प्रत्येकाला कळेल. आणि दोन्ही बाजूंना निदान एकेक मोठं माणूस हवंच, डाव संपेपर्यंत न उठणारं.