पुदिना पोटाला चांगला की वाईट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुदिन्यावरचं माझं लिखाण इतकं बारकाईने वाचून लिहिलंत, बरं वाटलं. पुदिना पोटाला उपयोगी म्हणायचं आणि छातीत जळजळ होत असेल तर टाळा असंही म्हणायचं, ही दोन्ही डगरींवर हात ठेवायची तऱ्हा झाली, असं तुम्ही म्हणता. मेन्थॉलने (पुदिन्यातल्या गारवा देणाऱ्या घटकाने) चोंदलेलं नाक मोकळं होत नाही, हे माझं म्हणणं तुम्हाला पटत नाही. आणि साध्या पाल्याची एवढी भीती कशाला, हाही प्रश्न आहेच.

पहिल्या मुद्द्यात मला विसंगती दिसत नाही. मेन्थॉल पचनमार्गाच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरण्याला अडथळा करतं, म्हणून ते सैल पडतात. आतड्यात मुरडा असेल तर हेच हवं असतं. पण अन्ननलिका जठराला मिळते तिथलं स्नायूचं कडं आवळलेलंच राहायला हवं. ते ढिलं पडलं की आम्ल वर येतं. म्हणून आयबीएससाठीच्या (पोटात मुरडा आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार) पेपरमिंट तेलाच्या, म्हणजे मेन्थॉल भरपूर असलेल्या पुदिन्याच्या जातीच्या तेलाच्या, कॅप्सूलवर जठरात न विरघळणारं आवरण असतं. कॅप्सूल चावून खाल्ली तर त्या आवरणाचा काय उपयोग? अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएससाठी पेपरमिंट सुचवलं आहे, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याची कबुलीही तिथेच आहे. शिवाय हे सगळं तेलाबद्दल. स्वयंपाकात वापरतात त्या पुदिन्यात, म्हणजे स्पिअरमिंटमध्ये, मेन्थॉल जेमतेम, कार्व्होन हा दुसरा सुगंधी घटक जास्त. तेलाचं यश काढ्याच्या नावावर खपवणारे लेख ढिगाने सापडतात. मी त्यातला नाही.

नाकाचं म्हणाल तर तुमचा अनुभव खोटा नाही. गारवा ओळखणारा टीआरपीएम८ हा चेतापेशींवरचा संवेदक मेन्थॉलनेही चाळवतो, हे २००२ मध्ये समोर आलं (त्या शोधातले डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन २०२१ च्या नोबेलचे मानकरी). त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. हवेला होणारा अडथळा यंत्राने मोजला तर मात्र फरक पडलेला दिसत नाही. आराम वाटतो ना, मग जरूर घ्या. फक्त नाकातली सूज उतरली असं समजू नका.

भीती पाल्याची नाहीच, अर्काची आहे. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेन्थॉल लावू नये, श्वास अडकू शकतो. पेनीरॉयल ही वनस्पतीसुद्धा पुदिन्याच्याच कुळातली. तिच्या तेलातल्या प्युलेगोन या विषारी घटकाने यकृत निकामी होऊन माणसं दगावली आहेत. चिमूटभर पानं आणि बाटलीतलं तेल यांना एका मापाने मोजता येत नाही.

शेवटी तुम्ही ओघात लिहिलंय की जळजळीवर उपाय म्हणून रोज झोपताना पुदिन्याचा काढा घेता. आडवं होण्याआधी तर नकोच. तो काही दिवस थांबवून बघा आणि तरी त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पेपरमिंटची कॅप्सूल परस्पर सुरू करू नका, जठरातलं आम्ल कमी झालं की तिचं आवरण तिथेच विरघळू शकतं.