न्यूकॉम्बचं नाव कुणी घेत नाही

काल कट्ट्यावर व्हॉलीबॉलचा विषय निघाला. अण्णा म्हणाले, "१८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गननं काढला, होलिओकला."

मी म्हटलं, "त्याच साली न्यू ऑर्लीन्सला क्लारा बेअर या व्यायामशिक्षिकेनं न्यूकॉम्ब कॉलेजच्या मुलींसाठी खेळ काढला. कॉलेजचंच नाव त्याला पडलं. तो कुठं आठवतो कुणाला?"

खेळ असा. व्यायामशाळेत मधोमध रेषा, दोन्हीकडे मुली. चेंडू फेकायचा तो पलीकडं कुणी झेलायच्या आत जमिनीला टेकला पाहिजे. टेकला की गुण. म्हणजे झेलता झेलताच समोरची मोकळी जागा हेरायची. मुली कितीही असोत, जागा असेल तेवढी, वेळ मिळेल तेवढा. बेअरबाईंना असाच खेळ हवा होता.

अण्णांना पटेना. "अंगाला अंग लागत नाही, त्याला खेळ म्हणायचं? मुलींना जपून खेळवत होते, झालं!"

दादानं त्यांचीच बाजू उचलली. "बास्केटबॉलचंही तेच केलं ना? अमेरिकेतल्याच स्मिथ या मुलींच्या कॉलेजात व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले. आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांवर धरायचा नाही. बांधूनच ठेवलं."

यात तथ्य आहे, मी नाकारलं नाही. मुलींना दगदग सोसत नाही असं तेव्हा डॉक्टरही सांगत, आणि नियमांत ती धास्ती दिसते. पण ताई ऐकून घेईना. ती शाळेपासून खेळलेली. "तीन सेकंदांत पास देऊन दाखव, मग बोल. हिसकावता येत नाही म्हटल्यावर चेंडू कुठं जाणार हे आधी ओळखावं लागतं. त्याला डोकं लागतं."

मग मी मार्च १८९३ चा बास्केटबॉलचा सामना सांगितला. स्मिथच्याच दोन वर्गांतला, पुरुषांना दारं बंद. बेरेन्सनबाईंनी सुरुवातीचा चेंडू उडवला आणि तो लागून मध्यावरच्या मुलीचा खांदाच निखळला. तिला आत नेऊन सांधा बसवला, दुसरी मुलगी उभी केली आणि सामना पुढं चालू.

"हे जपून?" ताईनं विचारलं.

अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, पण तुझा न्यूकॉम्ब गेला कुठं?"

मी सांगितलं, अमेरिकेतल्या शाळांत व्हॉलीबॉल शिकवण्याआधी मुलांना तो खेळवतात. इस्रायलमध्ये तर 'काचिबोल' म्हणून बायका आजही तसाच खेळ खेळतात, झेलून, फेकून.

"नियम परत सांग," अण्णा म्हणाले.