‘डॅशकॅम म्हणजे पैसे पाण्यात’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली, आणि दोन ओळी खरडून मोकळं होणं काही बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी सांगतो. डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, यावरचा माझा लेख वाचून तुम्ही गड्डा यात्रेच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीला, साडेचार हजाराचा कॅमेरा घेतला. एका लग्नासाठी चार दिवस गाडी उभी राहिली तर पार्किंग मोडने, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवायच्या सोयीने, गाडीची बॅटरी उतरवली. मे महिन्यात रात्री आसरा चौकात एक गाडी तुम्हाला ठोकून पळाली, तिचा नंबर क्लिपमध्ये दिसला नाही, ती क्लिप तुम्ही व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली, तिचंही काही झालं नाही. आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत कॅमेराच फुगून बंद पडला. म्हणून हे सगळं फॅड आहे आणि मी कंपन्यांची जाहिरात करतोय, असं तुम्ही लिहिलंय.

जाहिरातीचं आधी. मला कुणी कॅमेरा फुकट दिलेला नाही, दोन्ही मी पदरच्या पैशाने घेतले, लेखात एकाही ब्रँडचं नाव नव्हतं आणि आजही घेणार नाही. एवढंच.

फुगण्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ती चूक माझ्या लेखाची आहे. तो लेख मी डिसेंबरात लिहिला, त्यात रिझोल्यूशन किती, लेन्स किती अंशाची, ॲप कसं, हे सगळं लिहिलं आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा लिहायचाच राहिला. मे मध्ये बाहेर ४३-४४ असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात टेकवत नाही, काचेजवळ सहज ७० च्या वर जातं. कॅमेऱ्याच्या आतली लिथियम बॅटरी वापरायची ती साधारण ६० अंशांपर्यंत आणि चार्ज करायची ती ४५ च्या आत. आता दुपारी दोनला तुम्ही गाडी स्टार्ट करता, कॅमेऱ्याला करंट मिळतो आणि तो पहिलं काम काय करतो तर त्या भाजून निघालेल्या बॅटरीला चार्जिंगला लावतो. रोज असं झाल्यावर ती फुगणारच की ओ. माझा पहिला कॅमेरा असाच गेला होता. आधी नुसती स्क्रीन एका कडेने उचलल्यासारखी वाटली, मग नख जाईल एवढी फट पडली, आणि त्या फटीतून आतली चंदेरी पिशवी दिसायला लागली, उशीसारखी टम्म. तुमचा तसाच असेल तर कृपा करून तो दाबून बसवू नका, टोचू नका, गाडीत तर अजिबात ठेवू नका, पेट घेऊ शकतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे देऊन टाका.

खरं म्हणजे डॅशकॅममध्ये बॅटरीचं काम फार थोडं असतं. रेकॉर्डिंग चालतं गाडीच्या करंटवर, गाडी बंद केली की शेवटची फाईल नीट सेव्ह होईपर्यंत काही सेकंद दम धरायचा, एवढ्यासाठी ती असते. तेच काम सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ करंट साठवून ठेवणारा छोटा भाग, करतो आणि तो उष्णता कितीतरी चांगली सोसतो. म्हणून आपल्याकडे घ्यायचा तर कपॅसिटरवालाच, मग रिझोल्यूशन एक पायरी कमी असलं तरी चालेल. फक्त अशा काही मॉडेलमध्ये गाडी बरेच दिवस उभी राहिली की घड्याळ मागे जातं, त्यामुळे जीपीएस असलेला बघा, तो वेळ आपोआप दुरुस्त करतो. तारीख चुकलेली असेल तर समोरचा पहिलं बोट तिथंच ठेवतो.

गाडीची बॅटरी उतरण्याचं गणित साधं आहे. पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण पाव ते अर्धा ॲम्पिअर ओढतो. ०.३ धरा, म्हणजे २४ तासांत ७ ॲम्पिअर-तासांच्या वर गेले, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. चौथ्या दिवशी सेल्फ कुठून मारणार? यासाठीच हार्डवायर किटला, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या किटला, कटऑफ असतो, बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेला की तो कॅमेरा बंद करतो. माझा अंदाज असा की तुमच्या फिटरने तो सगळ्यात खालच्या आकड्यावर, म्हणजे ११.६ व्होल्ट वगैरेवर ठेवलाय. ११.६ म्हणजे बॅटरी जवळजवळ संपलीच. उभ्या गाडीला १२.२ दिसलं तरी ती निम्म्यावर आलेली असते. १२.२ नाहीतर १२.४ ठेवा, आणि चार दिवस गावाला जाणार असाल तर पार्किंग मोड बंदच करून जा. मी तर रोजही वापरत नाही, बाजारात गर्दीत गाडी लावायची असेल तेव्हाच.

आता नंबर प्लेट. इथं मी तुमच्याशी अर्धा सहमत. दुकानदार शोरूमच्या उजेडात क्लिप दाखवतो तशी रात्री येत नाही. का, ते सांगतो. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि अंधारात उजेड मिळावा म्हणून प्रत्येक फ्रेमला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समोरून आडवी ६० च्या स्पीडने जाणारी गाडी सेकंदाच्या तिसाव्या भागात साधारण ५५ सेंटिमीटर सरकते आणि नंबर प्लेट असते ५० सेंटिमीटर लांब. म्हणजे एका फ्रेममध्ये अख्खी पाटी स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त पुसली जाते. चांगला सेन्सर असला तर थोडा फरक पडतो, पण जादू होत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे, नंबर मोठ्याने बोला. डोळ्याला दिसतो, कॅमेऱ्याला दिसत नाही, पण माईक ऐकतो. मी आधी माईक बंद ठेवायचो कारण घरातलं बोलणं सगळं रेकॉर्ड होतं, आता चालू ठेवतो आणि गाडीत बसणाऱ्याला आधी सांगतो.

पण नंबर दिसला नाही म्हणजे कॅमेरा वाया, हे मला पटत नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, गाळप हंगाम चालू होता, पंढरपूरहून मोहोळकडे रात्री नऊच्या सुमारास येत होतो. पुढं उसाची डबल ट्रॉली रस्त्यातच उभी, टेललाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची पानं खाली लोंबलेली त्यामुळे मागचा पत्रासुद्धा दिसत नव्हता. माझ्या हेडलाईटमध्ये ती पानं आली तेव्हा ब्रेक दाबला आणि मागून एक बाईक येऊन डिकीवर आदळली. पोराचं कोपर सोलवटलं, देवाच्या कृपेने तेवढ्यावर भागलं. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं जमली आणि सगळे मला, कार आहे ना, चूक तुमचीच, मोकळ्या रस्त्यात कशाला ब्रेक मारला. ट्रॉली तोवर हळूच पुढं निघून गेली होती, म्हणजे रस्ता खरंच मोकळा दिसत होता! मी मोबाईलवर क्लिप लावून त्या पोराच्या भावाच्या हातात दिली. त्याने ती तीनदा बघितली, शेवटी जिथं पानं दिसतात तिथं थांबवली, आणि म्हणाला, मालक, आम्हीच चिकटून चालवत होतो. मग आम्ही त्या पोराला माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. त्या क्लिपमध्ये एकही नंबर दिसत नाही, पण रस्त्यावर काय होतं ते दिसतं, आणि त्या रात्री मला तेच पाहिजे होतं.

व्हॉट्सॲपचं मात्र तुमचं चुकलं, आणि हे मी लेखात लिहायला हवं होतं. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, उरलासुरला तपशील तिथंच जातो आणि ती मूळ फाईल राहत नाही. कायद्याचं थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या कलम ६५ ब चं काम आता कलम ६३ करतं, आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड दिलं की त्याच्यासोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते, म्हणजे फाईलचा अंगठाच म्हणा, आतला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. प्रमाणपत्राचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं होतं. म्हणून काही झालं की पहिलं कार्ड काढायचं, पाकिटात घालून तारीख टाकून ठेवायचं, कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घालायचं, आणि पुढचं वकिलाला विचारून. आणि असल्या क्लिपा ग्रुपवर टाकूच नका, त्यात इतरांचे चेहरे असतात, नंबर असतात.

कार्डावरून आठवलं, कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच घ्या, मोबाईलचं जुनं पडलेलं घालू नका, कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुनी फाईल पुसून नवी लिहितो, त्या सततच्या पुसून लिहिण्याने ते काही महिन्यांत मरतं आणि मेल्याचं कळतही नाही. पुढचा कॅमेरा २० एमबीपीएसने तासाला ९ जीबी खातो, म्हणजे ६४ जीबीत ७ तास. मागचाही लावला तर तेच साडेचार तासांवर येतं, म्हणजे सोलापूरहून निघून पुण्याजवळ हडपसरला पोचेपर्यंत सोलापूर सोडतानाचं रेकॉर्डिंग पुसायची वेळ आलेली असते. दोन कॅमेरे असतील तर १२८ घ्या. जी-सेन्सर, म्हणजे धक्का ओळखणारा सेन्सर, कमीवर ठेवा, नाहीतर आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्ड्याला तो अपघात समजतो, पुसली जाऊ नये म्हणून फाईल लॉक करत जातो, आणि कार्ड लॉक केलेल्या फाईलींनीच भरतं.

फिटिंगचं तुम्ही विचारलं नाही तरी पुढच्या वेळेसाठी सांगतो. आरशाच्या मागे डाव्या बाजूला, वायपर फिरतो त्या भागात लावा. काच स्पिरिटने पुसून, सकाळी काच गार असताना टेप चिकटवा आणि एक दिवस तसाच सोडा, कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. फिटर वायर छिलून जोड मारतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, फ्यूजच्या जागेतूनच करंट घेणारा फ्यूज टॅप मिळतो, गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. गाडीला पडद्याच्या, म्हणजे खिडक्यांच्या बाजूने उघडणाऱ्या, एअरबॅग असतील तर काचेच्या कडेच्या खांबावरच्या कव्हरमध्ये वायर एअरबॅगच्या मागून जायला पाहिजे, पुढून गेली तर एअरबॅग उघडताना तीच आडवी येईल. हे समोर उभं राहून बघा.

आता तुमच्या आसरा चौकाच्या क्लिपबद्दल. ठोकल्यानंतर चार-पाच दिवसांतच कॅमेरा बंद पडला म्हणता, आणि प्रतिक्रियेवरून तुमचा एकच कॅमेरा आहे, ६४ चं कार्ड. गावातल्या गावात रोज तासभर गाडी चालली असेल तर ७ तास भरले नसणार, म्हणजे त्या रात्रीचं रेकॉर्डिंग अजून कार्डात असण्याची चांगली शक्यता आहे. कार्ड फॉरमॅट करू नका, दुसऱ्या कॅमेऱ्यात घालू नका, कार्ड रीडरने कॉम्प्युटरला लावून सगळ्या फाईली कॉपी करून घ्या. आणि ठोकल्याची लॉक झालेली फाईल बाजूला ठेवून साध्या फोल्डरमधल्या त्याआधीच्या आठ-दहा मिनिटांच्या फाईली बघा. ती गाडी मागच्या एखाद्या सिग्नलला तुमच्या पुढे उभी असेल, किंवा ओव्हरटेक करून हळू झाली असेल, तर उभ्या गाडीची पाटी रात्रीसुद्धा वाचता येते. एकेक फ्रेम पुढं सरकवत बघा. काही सापडलं तर इथंच कळवा, आणि जमत नसेल तर तसं लिहा, रविवारी सकाळी मी मोकळा आहे, कार्ड घेऊन या, बसून बघू.