बाउंटीच्या ‘सात युक्त्या’ आणि दहा आठवड्यांचे ३४० रुपये

नाशिकला मी अकाउंटन्सीचे क्लास घेतो. बी.कॉम.ची मुलं असतात, त्यामुळे पैशाचं काहीही नवीन निघालं की ते आधी माझ्या फोनवर येऊन पडतं. ‘क्रिप्टो बाउंटी निवडण्याच्या सात युक्त्या’ हा मराठी मेसेज मला आतापर्यंत पाच जणांनी पाठवलाय. त्यातल्या दोघांना तो खरा वाटतो, एकानं कामही सुरू केलंय. म्हणून हे लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा आहे. एक, बाउंटीत गुंतवणूक नाही म्हणून धोका नाही. दोन, ज्या मोहिमेचा बक्षीस निधी मोठा ती धरा. तीन, एकाच वेळी दहा-पंधरा मोहिमा करा, एखादी तरी लागेल. चार, व्हाइटपेपर (प्रकल्पाची माहितीपुस्तिका) आहे, टीमचे फोटो आहेत, टेलिग्राम ग्रुप भरलेला आहे म्हणजे प्रकल्प खरा. पाच, केवायसी मागतात म्हणजे कंपनी कायदेशीर. सहा, एक्सचेंजवर लिस्टिंग झालं, म्हणजे टोकन क्रिप्टोच्या बाजारात खरेदी-विक्रीला आलं, की टोकन विकून मोकळे व्हा. सात, बक्षीस म्हणून मिळालेल्या टोकनवर कर नाही.

ज्यांना बाउंटी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवा क्रिप्टो प्रकल्प आपली जाहिरात लोकांकडून करून घेतो. पोस्ट, रिट्विट, व्हिडिओ, भाषांतर, फोरमवरच्या आपल्या सहीत त्यांची लिंक, अशी कामं असतात. मोबदला बहुतेक वेळा त्याच प्रकल्पाच्या टोकनमध्ये, म्हणजे त्यानं स्वतः काढलेल्या डिजिटल नाण्यांत, मिळतो. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकनं, मार्चमध्ये ट्विटरनं आणि जूनपासून गूगलनं टोकनविक्रीच्या जाहिरातींना दार बंद केलं. त्यानंतर आमच्यासारख्यांच्या खात्यांची किंमत आणखी वाढली. आमच्यासारख्यांच्या म्हणतोय, कारण त्या वर्षी मी स्वतः चार महिने हे काम केलं. अकरा मोहिमा केल्या. विकता येईल असं काही हातात आलं ते दोनच मोहिमांतून.

दुसऱ्या युक्तीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथे फसतात. क्लासमधला एक मुलगा मोबाइल घेऊन आला. एका मोहिमेची स्प्रेडशीट उघडलेली होती. ‘सर, एक लाख डॉलरचा निधी आहे.’ म्हटलं, बस, फळ्यावर मांडू.

एक लाख डॉलर म्हणजे रोख डॉलर नव्हेत. प्रकल्पानं २० लाख टोकन बाजूला ठेवलेत आणि एका टोकनचा भाव ५ सेंट असा स्वतःच ठरवलाय. हे टोकन अजून कुणीही बाजारात विकत घेतलेलं नाही. बरं, तो भाव खरा धरू. निधीतला ट्विटरवरच्या कामाचा वाटा २० टक्के, म्हणजे ४ लाख टोकन. भाग घेणारे अडीच हजार. मोहीम दहा आठवड्यांची. दर आठवड्याला कामाचे ‘स्टेक’ मिळतात. ज्याचे फॉलोअर जास्त त्याला दहापर्यंत, नवख्याला दोन. सरासरी चार धरले तर दहा आठवड्यांत एकूण एक लाख स्टेक होतात. चार लाख टोकन भागिले एक लाख स्टेक, म्हणजे एका स्टेकला चार टोकन. मुलाचे फॉलोअर थोडे, त्यामुळे त्याचे दहा आठवड्यांचे वीस स्टेक. वीस चोक ऐंशी टोकन. पाच सेंटनं चार डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ३४० रुपये.

रोजचा अर्धा तास धरला तर दहा आठवड्यांचे पस्तीस तास होतात. तासाला दहा रुपयेही पडत नाहीत. आणि लिस्टिंगनंतर भाव एक दशांशावर आला, जे मी वारंवार पाहिलंय, तर ३४० चे ३४ होतात. मुलगा फळ्याकडे बघत बसला. त्यानं स्प्रेडशीटमधला फक्त वरचा आकडा वाचला होता, भागाकार कुणी करूनच दाखवला नव्हता. निधी मोठा दिसला की माणसंही जास्त येतात, त्यामुळे भाजकही मोठा होतो. मी आधी भाजक बघतो: किती जणांना घेणार आणि संख्येला मर्यादा आहे का. ज्या मोहिमेत पंचवीस-तीसच जागा आहेत, दर आठवड्याला ठरलेली रक्कम आहे आणि ती बिटकॉइन किंवा यूएसडीटीत (डॉलरच्या भावाला बांधलेल्या टोकनमध्ये) मिळते, तिचा निधी छोटा दिसला तरी ती बहुतेक वेळा जास्त पैसे देते.

आता पहिली युक्ती, गुंतवणूक नाही म्हणून धोका नाही. आपण वेळ घालतो, आपलं खातं घालतो, आपलं नाव घालतो. फुकट वाटलेलं टोकन खरोखर फुकट नसतं, हे अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकानं, स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलंय. टोमाहॉक एक्सप्लोरेशन ही तेल शोधण्याचा दावा करणारी कंपनी होती. तिची टोकनविक्री फसली, एक डॉलरही जमला नाही. पण प्रचाराच्या बदल्यात तिनं बाउंटीत टोकन वाटली होती. ऑगस्ट २०१८ च्या आदेशात एसईसीनं म्हटलं की ही वाटणीसुद्धा रोख्यांची विक्रीच ठरते, कारण बदल्यात कंपनीला मोलाचं काहीतरी मिळालं. कंपनी चालवणाऱ्याला ३०,००० डॉलरचा दंड झाला. ते मोलाचं काहीतरी म्हणजे तुमचं काम. नियामकाला ते दिसतं आणि आपल्याच मेसेजला दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नावाचंही तसंच. माझ्या चार महिन्यांतली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. मी टाकलेली पोस्ट वाचून माझ्या मावसभावानं त्या टोकनमध्ये पंधरा हजार घातले. मी त्याला ‘घे’ म्हटलं नव्हतं. पण पोस्टमध्ये ‘उत्तम प्रकल्प’ असं मीच लिहिलं होतं, कारण नियमावलीत तसं लिहायला सांगितलं होतं. या पोस्टचे मला पैसे मिळणार आहेत, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. टोकन बुडालं. भावानं मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं. पैसे घेऊन प्रचार केला हे दडवल्याबद्दल एसईसीनं २०२२ मध्ये अमेरिकन टीव्ही तारका किम कार्दशियनकडून साडेबारा लाख डॉलरहून जास्त रक्कम घेतली. आपल्याला कुणी नोटीस पाठवणार नाही, मान्य. तरी ‘ही सशुल्क पोस्ट आहे’ असं लिहिण्याला जी मोहीम मनाई करते, ती मी लगेच सोडतो.

तिसऱ्या युक्तीवर फार बोलण्यासारखं नाही. पंधरा मोहिमा केल्या की एकीचाही व्हाइटपेपर वाचून होत नाही, तीच ती वाक्यं सगळीकडे चिकटवली जातात आणि खातं स्पॅममध्ये जातं. बिटकॉइनटॉक या क्रिप्टोच्या जुन्या फोरमनं जानेवारी २०१८ मध्ये ‘मेरिट’ची पद्धत आणली. वरचा दर्जा मिळवायचा तर इतरांनी तुमच्या पोस्टला गुण द्यायला हवेत, अशी ती व्यवस्था. नुसत्या भरताड पोस्टवर दर्जा वाढणं तिथे बंद झालं, आणि सहीच्या मोहिमेत पैसे दर्जावरच ठरतात.

चौथी युक्ती, फोटो आणि गर्दी. मिरोस्की नावाच्या एका टोकनविक्रीच्या संकेतस्थळावर ग्राफिक डिझायनर म्हणून जो चेहरा लावला होता, तो हॉलिवूडचा नट रायन गॉसलिंगचा होता. सेन्ट्रा टेक या क्रिप्टो कंपनीनं व्हिसा आणि मास्टरकार्डशी भागीदारी असल्याचं सांगून टोकन विकली. ती भागीदारी नव्हतीच, आणि तिच्या संस्थापकांवर एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत खटले उभे राहिले. फोटो उचलून गूगलच्या चित्रशोधात टाकायला अर्धं मिनिट लागतं. टेलिग्रामच्या आकड्याचं तर सोडूनच द्या, सदस्य विकत मिळतात. ग्रुपमध्ये पन्नास हजार माणसं आणि दिवसभरात तीच वीस नावं ‘चंद्रावर जाणार’ (म्हणजे भाव प्रचंड वाढणार) म्हणत असतील, तर ती गर्दी पगारी समजा. माणसं खरी असतील तर कुणीतरी तक्रार करतं, कुणीतरी वेडावाकडा प्रश्न विचारतं.

फोटोंऐवजी मी जे बघतो ते सांगतो. मोहीम चालवणारा बाउंटी मॅनेजर कोण आहे ते शोधतो. प्रकल्प नवा असतो पण मॅनेजर सहसा जुना असतो, आणि त्याचा इतिहास उघड्यावर पडलेला असतो. त्यानं आधी चालवलेल्या चार-पाच मोहिमा काढतो. त्यांची पहिली पोस्ट वाचत नाही, ती नेहमीच सुंदर असते. शेवटची पानं वाचतो. ‘पैसे कधी मिळणार’ असं विचारणारी पोस्ट आणि त्याखाली दोन महिने कुणाचंच उत्तर नाही, हे दिसलं की काम संपलं. पैसे दिल्याचा दावा असेल तर त्या टोकनचा कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, इथरस्कॅनवर उघडतो; इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कवरचे व्यवहार सगळ्यांना दाखवणारं ते संकेतस्थळ आहे. वाटप झालं असेल तर तिथे शेकडो पत्त्यांवर गेलेले व्यवहार तारखेसकट दिसतात. झालं नसेल तर दिसत नाहीत. तिथेच ‘होल्डर्स’मध्ये पहिल्या दहा पत्त्यांकडे किती टक्के माल आहे तेही कळतं. मोहिमेचा निधी एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्या विश्वासू माणसाकडे, आधीच जमा आहे का, हा शेवटचा प्रश्न. मला पैसे देणाऱ्या दोन्ही मोहिमांत तो जमा होता. उरलेल्या नऊपैकी एकीतही नव्हता.

पाचवी युक्ती मला सगळ्यात घातक वाटते. आधार, पॅन आणि हातात कागद धरून काढलेला फोटो घेणं म्हणजे कायदेशीर कंपनी, असं अजिबात नाही. खरी कंपनी केवायसीची अट काम सुरू होण्याआधी सांगते. जिथे ती दहाव्या आठवड्यानंतर अचानक उगवते, तिथे भारतासकट काही देशांना वगळून वाटेकरी कमी केले जातात. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं, आणि माझी कागदपत्रं मात्र त्यांच्याकडेच राहिली. वाटपाच्या वेळी ‘टोकन सोडवण्यासाठी’ फी मागितली, किंवा वॉलेटचे (क्रिप्टोच्या पाकिटाचे) बारा-चोवीस शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, मागितली, तर ती बाउंटी नाहीच, चोरी आहे. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सहावी युक्ती लिस्टिंगची. टोकन तयार करणं फार सोपं आहे, ते विकत घेणारा उभा करणं अवघड. बाउंटीची टोकन बरेचदा तीन-सहा महिने अडकवून ठेवतात, तोवर मोठे धारक विकून बाहेर पडलेले असतात. त्यातून इथेरियमवरचं टोकन हलवायचं तर गॅस फी, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, इथर या तिथल्या चलनात भरावी लागते. २०२१ मध्ये माझ्याकडे अशी टोकन पडून होती की फी त्यांच्या किमतीहून जास्त होती. महाराष्ट्राला तर स्वतःच छापलेल्या टोकनचा अनुभव आहेच. गेनबिटकॉइन ही बाउंटी नव्हती, दरमहा १० टक्क्यांचं आमिष दाखवणारी योजना होती. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये तिच्या सूत्रधाराला अटक केली. लोकांकडून घेतलं बिटकॉइन, आणि परताव्याची वेळ आली तेव्हा हातावर ठेवलं एमकॅप नावाचं त्यांचंच टोकन. पैसे कशात मिळणार, हा प्रश्न म्हणूनच मी कधीच सोडत नाही.

सातवी युक्ती माझ्या धंद्यातली, म्हणून ठामपणे सांगतो. काम करून मिळालेलं टोकन बक्षीस नसतं, मोबदला असतो. मिळालं त्या दिवशीच्या भावानं ते उत्पन्नात धरा, असंच मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो. पुढे ते विकून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर आहे. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. अकरा मोहिमांतल्या नऊ बुडाल्या म्हणून उरलेल्या दोनवर सवलत मिळेल, अशी सोय कायद्यात नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बाउंटी करूच नये का? करा, पण हातात काही कौशल्य असेल तर त्याची करा. सुरक्षेतली चूक शोधून देणाऱ्यांसाठीही बाउंटी असतात. वर्महोल या प्रकल्पानं २०२२ मध्ये एका संशोधकाला अशा एकाच चुकीसाठी १ कोटी डॉलर दिले. तिथवर पोचणारे विरळाच. पण भाषांतर, लेखन, व्हिडिओ ही कामं मोजक्यांना मिळतात, त्यामुळे भाजक लहान राहतो. भाषांतर सुरू करण्याआधी ते आपल्या नावावर राखून ठेवल्याचं मॅनेजरकडून लेखी घ्या, नाहीतर एकाच पानाची चार भाषांतरं होतात आणि पैसे एकालाच मिळतात.

त्या मुलानं फळ्यावरचा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि त्याच संध्याकाळी ग्रुपमध्ये विचारलं, बाउंटीचा निधी कुठल्या अॅड्रेसवर ठेवलाय? तीन मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढलं. तो स्क्रीन त्यानं मला दाखवला. पुढचे दोन आठवडे त्यानं काहीच केलं नाही, फक्त जुन्या मोहिमांची शेवटची पानं वाचली. आता तो तीस जागांच्या एका मोहिमेत आहे, पैसे दर सोमवारी यूएसडीटीत येतात. पहिले आले त्या रात्री त्यानं वहीत तारीख, रक्कम आणि त्या दिवशीचा भाव लिहिला, आणि सकाळी क्लासला आल्या आल्या विचारलं, ‘सर, हे कुठल्या खात्यात जमा दाखवायचं?’