आबांची वकिली कुठे गेली?

सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख, म्हणजेच आबा, यांच्यावरच्या एका लेखात ‘राजकारणात आल्यावर त्यांची वकिली मागे पडली’ असं एक वाक्य आहे. ते मला अजिबात पटलं नाही. काळा कोट उतरला असेल, वकिली कशी सुटेल? मी स्वतः तालुका कोर्टात बावीस वर्षं काढली आहेत. कलम वाचताना ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यात केवढं अंतर असतं ते आम्हाला रोज दिसतं. पहिल्यात सरकार बांधलं जातं, दुसऱ्यात मोकळं सुटतं. सभागृहात विधेयक येतं तेव्हा हा फरक ओळखणारा माणूस तिथं बसलेला असावाच लागतो.

आणि एसटीचा प्रवास, साधी राहणी हे सगळं खरंच आहे, पण दर वेळी तेवढंच का लिहायचं? सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यानं 1962 पासून अकरा वेळा त्यांना निवडून दिलं, तेही शेकापसारख्या (शेतकरी कामगार पक्ष) आक्रसत गेलेल्या पक्षाच्या चिन्हावर. 1972 आणि 1995 ला हरले, तरी पक्ष बदलला नाही. त्यांची विधानसभेतली भाषणं छापील कार्यवाहीत आहेत. ती वाचून कुणीतरी सविस्तर लिहा हो!